दोन जुन्या चादरी, चोवीस लंगोट: कमी खर्चात आणि कमी कचऱ्यात बाळ वाढवताना

मोठ्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यातच आम्ही यादी करून दुकानात गेलो होतो. बाटल्या निर्जंतुक करायचं विजेचं यंत्र, बाळाच्या कपड्यांसाठी वेगळी धुण्याची पावडर, वाइप्सची सहा पाकिटं, नवजात मापाच्या डायपरचे चार गठ्ठे. त्यातले दोन गठ्ठे तसेच राहिले, कारण तीन आठवड्यांत ते माप लहान पडायला लागलं. यंत्र दोन महिन्यांत माळ्यावर गेलं. आणि रोज रात्री कचऱ्याच्या डब्यात सात-आठ डायपरांचा जो ढीग साठायचा, तो बघून मला खरंच वाईट वाटायचं. पुण्यात आमच्या सोसायटीत कचरा न्यायला ज्या ताई येतात, त्या हातानेच तो वेगळा करायच्या.

चार वर्षांनी मुलगी झाली तेव्हा आम्ही जवळजवळ काहीच विकत आणलं नाही. तिच्या पहिल्या तीन वर्षांचा हिशोब माझ्या वहीत आहे, आणि तो मोठ्याच्या हिशोबाच्या एक तृतीयांशही नाही. या लेखात तोच रस्ता क्रमाने सांगते. पहिलं मूल येणार आहे, पैसे बेताचे आहेत आणि कचराही कमी करायचा आहे, अशा घरांसाठी.

आधीच एक स्पष्ट करते. ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावलेलं बाळाचं सामान बहुतेक वेळा महाग असतं, आणि ते बघून लोकांना वाटतं की हे आपल्या खिशाचं काम नाही. पण लहान बाळाच्या बाबतीत पर्यावरणाला सगळ्यात सोसणारी वस्तू म्हणजे जी आपण घेतलीच नाही ती. दुसरा नंबर घरात आधीच असलेल्या वस्तूचा, आणि तिसरा दुसऱ्या कुणाच्या बाळाने वापरून झालेल्या वस्तूचा. बांबूचं नि सेंद्रिय सुताचं नवं सामान त्यानंतर.

गरोदरपणाचा सातवा महिना: खरेदी पुढे ढकला, नातेवाइकांना फोन करा

आपल्याकडे बाळाला पहिले कपडे कुणाच्या तरी धडधाकट मुलाचे, वापरलेलेच घालायची पद्धत आहे. त्यामागे चांगलं कारण आहे. नव्या कापडाला खळ असते, शिवणी टोचतात. वीस वेळा धुतलेलं झबलं लोण्यासारखं मऊ असतं. म्हणून आधी नणंद, जाऊ, मावसबहीण, शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण, ज्यांची मुलं एक ते तीन वर्षांची आहेत त्या सगळ्यांना विचारा. संकोच करू नका. बहुतेकींच्या कपाटात एक पिशवी ‘कुणाला तरी देऊ’ म्हणून पडलेली असते.

बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्माच्या दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो तिप्पट. म्हणजे पहिल्या वर्षातला कुठलाही कपडा जेमतेम दोन-तीन महिने अंगाला येतो. तो नवा घेण्यात काय अर्थ आहे? सुरुवातीला आठ झबली, तीन टोपडी, सहा ते आठ सुती दुपटी, दोन पातळ गोधड्या, एक मेणकापड आणि चोवीस लंगोट इतकं पुरतं. बाकी सगळं बाळ आल्यावर, गरज दिसली की आणा. दुकान कुठे पळून जात नाही.

बारशाच्या आहेराचं आधीच बोलून ठेवा. आम्ही घरच्यांना सांगितलं होतं की काही द्यायचंच असेल तर वापरून मऊ झालेली सुती साडी द्या. माझ्या मामींनी त्यांचं जुनं इरकल दिलं, आत्याने दोन सुती साड्या दिल्या. त्यांची गोधडी शिवून घेतली. मुलगी आता पाच वर्षांची आहे आणि अजून तीच पांघरते, काठाकडचा भाग गालाशी धरून झोपते.

वापरलेलं घेताना चार गोष्टी मात्र नाकारा: बाटल्यांची जुनी बुचं, पोपडे सुटलेली रंगीत खेळणी, सांधे हलणारा पाळणा, आणि गाडीतलं बाळाचं आसन, जर ते अपघातातून गेलंय की नाही हे खात्रीने माहीत नसेल तर. गाडी असेल तर आसन मात्र नक्की हवं. तिथे काटकसर नको.

झोपेसाठी वेगळं सामान लागत नाही. बाळाला सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवायचं. तोंडाजवळ उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी काही नको. मोहरीची उशीही नको. साडीची झोळी आमच्याकडेही होती, पण ती रडणं शांत करायला, आणि कुणीतरी समोर बसलेलं असतानाच. डोळा लागला की उचलून गादीवर.

लंगोट: शिवणं, बांधणं, धुणं

पैसा आणि कचरा दोन्ही सगळ्यात जास्त इथे वाचतो, म्हणून इथे थोडं सविस्तर.

आधी हिशोब. टाकाऊ डायपर एक साधारण दहा रुपयांना धरा आणि दिवसाला सहा. महिन्याला अठराशे रुपये होतात. मूल अडीच वर्षांचं होईतो चोपन्न हजार. आमच्या मुलीचा खर्च, त्यात रात्रीचे टाकाऊ डायपर, पाच वापरलेले आणि तीन नवे कापडी डायपर, साबण-सोडा सगळं धरून दहा हजारांच्या आसपास झाला.

कापड जुनंच हवं. डबल बेडची सुती चादर, विरळ झालेली पण न फाटलेली, अंथरा. चोवीस इंचाचे चौकोन आखा. एका चादरीत बारा बसतात, दोन चादरींत चोवीस. कडा दुमडून शिवा, नाहीतर दोन धुण्यांत दशा निघतात. समोरासमोरच्या दोन टोकांना वीतभर नाड्या लावा, म्हणजे पिनेची गरज नाही. त्या दोन टोकांमधून तिरपी घडी घाला. दुहेरी त्रिकोण तयार होतो आणि नाड्या लांब बाजूच्या दोन्ही टोकांना येतात. ही लांब बाजू बाळाच्या कमरेखाली सरकवा, तिसरं टोक पायांमधून पोटावर घ्या, वर नाड्या सैलसर बांधा. गाठ बेंबीच्या खाली आणि एका बाजूला. नाळ पडेपर्यंत तिच्यावर कापड घासता कामा नये. माझ्या सासूबाई गाठ बांधली की तिच्याखालून दोन बोटं घालून बघायच्या. बोटं सहज गेली तर ठीक. मीही तसंच करते.

आत जुन्या बनियनच्या कापडाची चार पदरी पट्टी ठेवली की शोषण चांगलं होतं. बनियनचं कापड पाणी पटकन पितं आणि मऊही असतं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला आठ-दहा वेळा तरी लंगोट ओला करतं. तो ओला होणं हे दूध पुरतंय याचं लक्षण आहे, त्यामुळे वैतागू नका.

बाळ पालथं पडायला, रांगायला लागलं की साधा लंगोट सुटतो. तेव्हा बटणांचे कापडी डायपर कामाला येतात. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत शोषणाऱ्या पट्ट्या. नवा एक पाचशे ते नऊशेला पडतो, पण वापरलेले निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. बघून घ्या: मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडलं की परत आवळतंय का, आणि आतलं अस्तर सुटलंय का. आठ पुरे झाले. दुकानदार चोवीसचा संच दाखवतात, त्याची गरज नाही.

धुण्याची पद्धत अशी. बाथरूममध्ये झाकणाची एक बादली. फक्त शू असेल तर लंगोट लगेच गार पाण्यातून पिळून बादलीत. शी असेल तर ती आधी संडासात टाकून, गार पाण्याच्या धारेखाली चोळायचं. गरम पाणी पहिल्यांदा लावू नका, डाग पक्का होतो. मग साबण लावून तासभर भिजत. रोज एकदा सगळे मिळून धुवा. मशीन असेल तर घरच्या बाकी कपड्यांबरोबर, पूर्ण भरल्यावरच लावा. आठवड्यातून एकदा कढत पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून भिजवा. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, त्याने कापडाचं शोषण कमी होतं. रोज जंतुनाशक ओतायचीही गरज नाही. साबण नीट निघाला पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं. निम्म्या पुरळांचं मूळ न निघालेल्या साबणात असतं, हा माझा अनुभव.

आणि ऊन. पिवळे डाग दुपारच्या उन्हात ओल्या कापडावरून आपोआप उडतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये टाकाऊ आणि कापडी लंगोटांची जन्मापासून अंतापर्यंतची तुलना प्रसिद्ध केली होती. सरासरी वापरात कर्बउत्सर्जन दोन्हींचं जवळपास सारखंच भरलं. फरक पडला तो धुण्याच्या पद्धतीने. खूप गरम पाणी नको, मशीन भरून, दोरीवर वाळवून, आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरून कापडी लंगोटांचा भार चाळीस टक्क्यांपर्यंत उतरत होता. मशीनची गोष्ट सोडली तर बाकीचं आपल्याकडे आजीच्या काळापासून तसंच होत आलं आहे, आणि आठ महिने ऊन फुकट आहे.

राहिले चार महिने. पावसाळ्यात चोवीस लंगोट पुरत नाहीत, छत्तीस लागतात. जुलैत आमच्याकडे पंख्याखाली आडव्या दोऱ्या असायच्या, आधी मशीनमध्ये कोरडं पिळून मग दोरीवर, आणि शेवटची ओल इस्त्रीने काढायची. दमट लंगोट बाळाला कधीही बांधू नका. सलग तीन दिवस ऊन नसेल तर सरळ टाकाऊ डायपर वापरा. ज्यांच्याकडे पाणी टँकरने येतं त्यांचा हिशोबही वेगळा आहे. शूच्या लंगोटांचं दुसरं खळबळलेलं पाणी संडासात ओतायला ठेवा, आणि टंचाईच्या महिन्यात कापड अर्ध्यावर आणा.

हे काम कोण करणार, हे बाळ येण्याआधी ठरवा. हे मी फार मनापासून सांगते आहे. पर्यावरणाच्या नावाखाली बाळंतिणीच्या अंगावर रोज बादलीभर धुणं पडत असेल, तर ते मला मान्य नाही. सिझेरियन झालेल्या बाईने तर दीड-दोन महिने बादली उचलूच नये. आमच्याकडे सकाळची बादली नवऱ्याची होती. साडेसहाला तो लंगोट धुवायचा, वाळत घालायचा आणि मग चहा. घरात दुसरे हात नसतील तर पहिले तीन महिने टाकाऊ डायपर वापरा आणि नंतर कापडाकडे वळा. अर्धे कापडी झाले तरी अर्धा कचरा वाचतो.

टाकाऊ डायपर वापरलाच तर

रात्रीचा एक, प्रवासाचा एक, पावसाळ्यातले काही. इतके आम्हीही वापरले. त्यात प्लास्टिकचा थर असतो, लगदा असतो आणि पाणी धरून ठेवणारे रासायनिक कण असतात. म्हणून तो ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या कुंडीत जाऊ नये, आणि संडासात तर नाहीच. आधी शी संडासात झटका. मग डायपर घट्ट गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधा. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांतही तो नीट गुंडाळूनच द्यायचा असं सांगितलेलं आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने त्या पुडक्यावर लाल ठिपका काढून द्यायची सवय लोकांना लावायला सुरुवात केली. पुडकं उघडायचं नाही, एवढं त्या ठिपक्यावरून कळतं. तुमच्या गावात अशी पद्धत नसली तरी तुम्ही सुरू करा. लाल स्केचपेन कचऱ्याच्या डब्याशेजारी दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे शोधावं लागत नाही.

वाइप्स मात्र पूर्ण सोडता येतात. त्यातल्या बऱ्याचशा कृत्रिम धाग्यांच्याच असतात. जुन्या मऊ ओढणीचे वीतभर चौकोन कापून स्टीलच्या डब्यात ठेवा, शेजारी पाण्याची बाटली. बाहेर जाताना पाचेक चौकोन भिजवून छोट्या डब्यात.

आणखी एक, डायपर कमी करणारी आणि अगदी फुकट. बाळाने मान धरली, आधाराने बसायला लागलं, की सकाळी उठल्याबरोबर आणि दूध पिऊन झाल्यावर त्याला आपल्या दोन पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करायचं. आपल्या आज्या हेच करायच्या. आठवडाभरात वेळ जुळायला लागते. जबरदस्ती नाही. बाळ ताठ झालं, रडलं की उठवायचं. मुलगी सव्वा वर्षाची होईतो सकाळची शी बहुतेक दिवस अशीच व्हायची, आणि सगळ्यात नकोसं धुणं वाचायचं.

अंघोळ, तेल, आणि ज्या जुन्या गोष्टी सोडायच्या

खोबऱ्याचं किंवा तिळाचं घाण्याचं तेल, कोमट पाणी, मऊ कापड. बाळाला याहून जास्त लागत नाही. शाम्पू, लोशन, पावडर, सुगंधी पाणी हे सगळं वगळा. पावडरीची भुकटी श्वासात जाते, तिचा उपयोग काहीच नाही. मालिशवाल्या बाई लावणार असाल तर हात हलका ठेवायला सांगा.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. काजळात शिसं सापडतं, डोळ्यांत नको. धुरीचा धूर छातीला त्रास देतो. सहाणेवर उगाळलेली गुटी सहा महिन्यांपर्यंत नको, कारण त्या वयात दुधाशिवाय पोटात काहीही जाऊ नये, पाणीसुद्धा नाही. घरात वडीलधारी माणसं आग्रह करतात. मी सासूबाईंना लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर नेलं आणि त्यांनाच विचारायला लावलं. त्यानंतर घरात वाद झाला नाही.

लसीकरणासाठी आरोग्य केंद्र किंवा महापालिकेचा दवाखाना गाठा. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी तिथे मोफत मिळतात. अंगणवाडीत नाव घातलं की वजन-उंचीची नोंद होते आणि सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी न्यायचा आहारही मिळतो. हे गरिबांचं म्हणून बाजूला ठेवू नका, प्रत्येक मुलाचा त्यावर हक्क आहे.

पहिले सहा महिने: दूध

आईच्या दुधाला पाकीट लागत नाही, गॅस लागत नाही, ते वायाही जात नाही. पहिले सहा महिने फक्त तेच, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. पण सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस अवघड असतात. स्तनाग्रं दुखतात, दूध येत नाही असं वाटतं. त्या दिवसांत डब्याच्या दुधाकडे वळण्याआधी बाळ नीट धरतंय का हे परिचारिकेकडून बघून घ्या. बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणं यावर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कुणी ‘सोबत ठेवा’ म्हणून डबा हातात दिला तर घेऊ नका.

आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवणारी पेढी, आहे का, हे रुग्णालयात विचारा. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू झाली, आता इतर शहरांतही आहेत. आणि सगळं करूनही डब्याचं दूध द्यावं लागलं तर ते द्या, मनाला लावून घेऊ नका. बाटलीऐवजी छोटी स्टीलची वाटी आणि चमचा वापरा. घरात जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, असेल तर त्याच्या चोचीच्या आतून ब्रश फिरतो का ते आधी बघा. फिरत नसेल तर वाटीच बरी. भांडी उकळायला पातेलं पुरतं. ते बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र मी तुमच्या यादीतून आत्ताच खोडते.

बाळाचा सातवा महिना: घरच्याच पातेल्यातलं

बाळासाठीच्या तयार अन्नाची पाकिटं बघा. चौकोनी खोका, आत चकचकीत थरांची पिशवी. असल्या अनेक थरांच्या पिशव्यांचा पुनर्वापर करणं जवळजवळ अशक्य असतं. त्यात जे असतं, ते स्वयंपाकघरातल्या डब्यात आधीच आहे.

सहा महिने पूर्ण झाले की दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं: मऊ भात-मुगाचं वरण नि तूप, कुस्करलेलं केळं, उकडलेला भोपळा, पपई, पुढे उकडलेलं अंडं. वरणाचं नुसतं पाणी देत बसू नका, त्याने पोट भरतं पण अंग धरत नाही. चमचा वाकडा केला तर पटकन ओघळणार नाही इतपत घट्ट हवं. वर्षाचं होईतो मीठ, साखर, गूळ नको, आणि मध तर अजिबात नको. आपला स्वयंपाक करताना तिखट-मीठ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढायचं, बस. वेगळा कुकर लावायचा नाही. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवण.

नाचणीबद्दल थोडं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ती आपल्याच कोकण-घाटावर पिकते, आणि तिला पाणी कमी लागतं. बहुतेक घरांत तिचं सत्त्व काढतात: मोड आणून, वाटून, मलमलमधून गाळून, खाली बसलेला पांढरा थर वाळवून. दिसायला सुंदर. पण चोथ्याबरोबर बरंच चांगलंही फेकलं जातं. मी आता मोडाचं अख्खं पीठच करते. अर्धा किलो नाचणी तीन-चार पाण्यांतून धुवायची. प्रत्येक वेळी पाणी लालसर निघतं आणि तळाशी बारीक खडे राहतात, म्हणून हाताने वरवरची उपसून घ्यायची. रात्रभर भिजवून सकाळी पाणी काढून ओल्या कापडात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दीड-दोन दिवसांत फडक्याला आतून पांढरे कोंब चिकटलेले दिसतात. वास गोडसर यायला हवा. आंबट आला तर ती नाचणी टाकून द्या. मग सुती कापडावर सावलीत कडक वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून, बारीक दळून, चाळून घ्यायची. चाळणीवर राहिलेला कोंडा आपल्या भाकरीत. स्टीलच्या डब्यात महिनाभर टिकते. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून गॅसवर ठेवायचं आणि सतत ढवळायचं. रंग गडद चॉकलेटी झाला आणि चकाकी आली की शिजलं.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं लहान मुलांच्या घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूट द्या, द्राक्षं उभी चिरून द्या.

खेळणी आणि पुस्तकं

वर्षाच्या आतल्या बाळाला झाकणाचा डबा, लाकडी पळी आणि रिकामी पाटी यांच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. आमची मुलगी महिनाभर फक्त गाळण्यातून पाणी ओतत बसायची. खेळणी घ्यायचीच तर थोडी, लाकडी किंवा कापडी. सावंतवाडीला गेलात तर चितार आळीत लाकडी फळं-भाज्या मिळतात. भातुकलीला त्यांची सर कशालाच नाही. पण वर्षभराच्या बाळाला रंगवलेलं लाकूड चघळायला देऊ नका, साधं तासलेलं द्या. कारखान्यातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते बघूनच घ्या. बटणासारखे चपटे सेल असलेलं खेळणं घरात नकोच. तो सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

घराच्या भिंती, दारं जुनी असतील तर पोपडे सुटलेला रंग बाळाच्या हाताला लागू देऊ नका. रंगातल्या शिशाची मर्यादा नव्वद पीपीएम (दहा लाख भागांत नव्वद भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही.

पुस्तकांसाठी जवळच्या वाचनालयाचा बालविभाग बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. आपण फोनवरून वाचून दाखवायच्या, फोन मुलाच्या हातात द्यायचा नाही. सोसायटीत चार घरं मिळून खेळण्यांची पेटी फिरवता येते, दर पंधरा दिवसांनी एका घरातून दुसऱ्या घरात. आमची अशी पेटी दोन वर्षं चालली. नियम एकच होता: तुटलेलं खेळणं दुरुस्त करून किंवा काढून मगच पुढे पाठवायचं.

बाहेर पडताना

बाबागाडी घेऊ नका, निदान लगेच नको. आपल्या फुटपाथांवर ती दहा पावलं सलग चालत नाही. सुती ओढणीने किंवा साडीने बाळ छातीशी बांधायला एखाद्या जाणत्या बाईकडून शिका. बाळाचं तोंड-नाक कापडाने झाकलं जाता कामा नये आणि त्याची हनुवटी छातीला टेकलेली नसावी, एवढं बघा. पिशवीत दोन लंगोट, मेणकापडाचा तुकडा, ओले चौकोन, वाटी-चमचा आणि ओल्या लंगोटासाठी एक नाडीची पिशवी.

लहान झालेलं पुढे देताना

दर तीन महिन्यांनी एक दुपार काढा. लहान झालेले कपडे तीन ढिगांत लावा. चांगले पुढच्या बाळाला, डागाळलेले पण धड घरात पुसायला, फाटके सुती गोधडीच्या आत भरायला. मोठ्यांच्या जुन्या साड्या बोहारणीला जातात, पण बाळाचे कपडे तिला देण्यापेक्षा ओळखीच्या गरोदर बाईला द्या, तिचे पैसे जास्त वाचतात. देताना उन्हात वाळवून, नाड्या तपासून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधा. आणि आत एक चिठ्ठी ठेवा. माझ्या चुलत नणंदेला दिलेल्या गाठोड्यात मी लिहिलं होतं: ‘लंगोट एकवीस. तीन लंगोटांच्या नाड्या बदलल्या आहेत. निळ्या काठाची दुपटी पावसाळ्यात लवकर वाळतात. मेणकापड नवं घे, हे चिरलंय. सकाळची बादली तुझी नाही, दादांची.’